मस्टरवर नाव नसलेला मास्तर

आमच्या घरात सध्या एका अर्जावरून वाद चालू आहे. अर्ज एका पानाचा, शाळा व्यवस्थापन समितीच्या नावाने. खाली दहा-बारा सह्या, सगळ्या कॉलेजातल्या पोरापोरींच्या. ही मुलं बिडकीनमध्ये किंवा आसपासच्या वस्त्यांवर राहतात, सकाळी एसटीने संभाजीनगरला किंवा पैठणला कॉलेजला जातात आणि दुपारी परत येतात. त्यांचं म्हणणं असं, की जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीच्या ज्या लेकरांना अजून नीट वाचता येत नाही, त्यांच्याजवळ आम्ही रोज दुपारी तासभर बसतो. अर्जाचा मसुदा माझ्या मुलीचा, आणि विरोध तिच्या सख्ख्या मामाचा.

मामा जिल्हा परिषदेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. आता समितीवर ते शिक्षणतज्ज्ञ म्हणून आहेत, त्यामुळे त्यांच्या नकाराला घरगुती नकारापेक्षा जास्त किंमत आहे. दोघांचं बोलणं मी जसं ऐकलं तसं इथे देतो. मधेमधे मला राहवलं नाही, ते वाचकांनी चालवून घ्यावं.

मामांनी सुरुवातच उलटतपासणीने केली.

"सोमवारी तू आली नाहीस, तर मुख्याध्यापक तुला काय करू शकतो?"

"काहीच नाही."

"मस्टरवर तुझं नाव आहे?"

"नाही."

"मग तू मास्तर नाहीस, पाहुणी आहेस. अन् पाहुण्याच्या भरवशावर चूल पेटवत नसतात, बाळा."

"मामा, मस्टरवर नाव असलेले तरी रोज वर्गात असतात का?"

हे लागलं. मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "असतात. शाळेत असतात. वर्गात नसतात, कारण त्यांना वर्गात राहू देत नाहीत. शिक्षण हक्क कायद्याचं सत्ताविसावं कलम काढून बघ. जनगणना, आपत्ती निवारण अन् निवडणूक, एवढी तीनच बाहेरची कामं शिक्षकाला लावता येतात. प्रत्यक्षात पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, आधारची जुळवाजुळव, मतदार यादी. कायदा पहिली ते पाचवीला तीस लेकरांमागं एक शिक्षक म्हणतो. दोन वर्ग एका मास्तरावर, असं किती ठिकाणी चालतं ते मला विचार. तुम्ही पोरं येऊन तासभर बसलात की हे सगळं झाकलं जाणार. वरच्या साहेबाला सांगता येणार, शाळेत मनुष्यबळ आहे."

मामांच्या या भीतीला अलीकडचा आधार आहे. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार. मुदत आधी सहा महिने, पुढे आणखी पाच महिने वाढवली. राज्यभरात कित्येक प्रशिक्षणार्थी जिल्हा परिषदेच्या शाळांवर गेले, वर्ग सांभाळू लागले, आणि मुदत संपत आली तशी कायम करा म्हणून मोर्चे निघाले.

"त्या पोरांवर माझा राग नाही," मामा म्हणाले. "त्यांनी शिकवलं, काहींनी चांगलं शिकवलं. पण अकरा महिन्यांनी ती गेली तेव्हा वर्गाची जागा रिकामी ती रिकामीच. मधल्या काळात ती जागा भरा म्हणून कुणी ओरडलंसुद्धा नाही. तुम्ही तर त्याहून स्वस्त. फुकट."

"म्हणून आम्ही वर्ग मागतच नाही," मुलगी म्हणाली. "आम्हाला लेकरं हवीत, एकेकाला चार-पाच. वर्ग मास्तरांचाच राहू दे."

हा मुद्दा मामांना पहिल्यांदा नीट ऐकू आला नाही, असं मला वाटलं. ते अजून आपल्या जुन्या रागातच होते. तो राग राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांवरचा. योजना चांगलीच, १९६९ मध्ये गांधी शताब्दीच्या वर्षी ३७ विद्यापीठांत सुरू झाली, दोन वर्षांत २४० तास समाजकार्य आणि एखाद्या गावात सात दिवसांचं शिबिर. पण मुख्याध्यापक म्हणून मामांनी तिची शाळेकडून दिसणारी बाजू पाहिलेली.

"सात दिवस म्हणजे पहिला दिवस उद्घाटनाचा, शेवटचा समारोपाचा. मधे प्रभातफेरी, ग्रामस्वच्छता, पाहुण्यांचं व्याख्यान. एखाद्या दुपारी चार पोरं वर्गात येणार, गाणी म्हणून घेणार, लेकरांसोबत फोटो काढणार. लेकरं खूश. पुढचे दोन दिवस मला वर्ग ताळ्यावर आणायला लागायचे. अन् आता तर तुम्हाला याचे श्रेयांक मिळतात म्हणे."

मिळतात. नव्या शैक्षणिक धोरणानंतर राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणि समाज सहभाग या नावांनी श्रेयांक आले आहेत. मुलीने ते लपवलं नाही. "काही जण श्रेयांकासाठीच येणार. मीसुद्धा आधी त्यासाठीच गेले होते."

"अन् मग?"

मग तिने एका मुलाची गोष्ट सांगितली. तिसरीतला. पुस्तकातला धडा घडाघडा वाचायचा, ओळीवर बोट ठेवून. तिला शंका आली म्हणून तिने मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं आणि हा शब्द कोणता असं विचारलं. पोराने पुन्हा धड्याच्या सुरुवातीपासून म्हणायला सुरुवात केली. त्या शब्दापर्यंत म्हणत गेला, तेव्हा कुठे त्याला तो सांगता आला. धडा तोंडपाठ होता, वाचता मात्र येत नव्हतं.

"मास्तरांना हे माहीत नव्हतं असं नाही," ती म्हणाली. "माहीत होतं. पण चाळीस लेकरांत त्या एकट्याजवळ बसून काना-मात्रा सोडवायला त्यांना वेळच नव्हता. मला होता. मास्तरांपेक्षा माझ्याकडे तेवढंच जास्त आहे, मामा. ज्ञान नाही, अनुभव नाही. वेळ आहे."

मामांना असली लेकरं माहीत नसतील असं होणंच शक्य नाही. २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला तेव्हा पायाभूत चाचण्या त्यांनीच घेतलेल्या. आणि हे एकट्या बिडकीनचं दुखणंही नाही. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतात तिसरीच्या २७.१ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. कोरोनानंतर, २०२२ मध्ये, हा आकडा २०.५ होता. म्हणजे जी सुधारणा झाली ती झाली, तरी आपण साधारण २०१८ च्याच जागेवर आहोत. तेव्हा तो २७.३ होता.

मुलीने अभ्यास केला होता. तिने बालसखीचं उदाहरण काढलं. १९९० च्या दशकात मुंबईत ‘प्रथम’ या संस्थेने सुरू केलेला उपक्रम. वस्तीतल्याच, शालेय शिक्षण झालेल्या तरुणी. दोन आठवड्यांचं प्रशिक्षण. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं घेऊन त्या दिवसातले दोन तास बसायच्या, अगदी पायापासून शिकवायच्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि बडोद्यातल्या शाळांत या कामाचं मोजमाप केलं. मुलांची प्रगती ठळक दिसली, आणि सगळ्यात मागे असलेल्यांची सगळ्यात जास्त. बॅनर्जी आणि डुफ्लोंना २०१९ चं नोबेल मिळालं, त्यामागच्या कामात हेही होतं.

मामांनी शांतपणे विचारलं, "त्या पोरींना पैसे मिळायचे?"

"महिना पाचशे ते साडेसातशे रुपये."

"म्हणजे स्वयंसेवक नव्हत्या, मानधनावर होत्या. अन् उपक्रम थांबल्यावर?"

"वर्षभरात बराचसा फायदा ओसरला. पूर्ण नाही, पण बराचसा."

"बघ!"

मग तिने आपणहून आणखी एक गोष्ट सांगितली, आणि मामांना आयतं हत्यार दिलं. उत्तराखंडात स्वयंसेवक शाळेच्या वेळात शाळेतच दिले होते. तिथे झालं काय, तर ते नेहमीच्या शिक्षकांसारखे वापरले गेले. ज्या कामासाठी आले ते बाजूला राहिलं, आणि मुलांच्या वाचनात फरक पडला नाही. उत्तर प्रदेशातल्या जौनपूरला उलटं. तिथे गावातल्या तरुणांनी विनामोबदला, शाळेबाहेर वाचनवर्ग घेतले. जी लेकरं आली ती वाचायला लागली. पण एकूण शंभरात आठच्या आसपासच आली.

"म्हणजे शाळेत बसलात तर मास्तर तुम्हाला गिळणार, शाळेबाहेर बसलात तर लेकरं येणार नाहीत," मामा म्हणाले. "तूच माझी बाजू मांडायलीस."

"मी दोन्ही बाजू मांडतेय, मामा. तुम्ही तुमची तेवढी उचलता."

इथे मी तोंड घातलं. मी म्हटलं, हा वाद पावणेदोनशे वर्षांचा आहे. १८४८ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी प्रा. पॅटन यांच्या प्रोत्साहनाने विद्यार्थ्यांची साहित्य आणि शास्त्रीय सभा काढली. दादाभाई नौरोजी त्यातलेच. दुसऱ्याच वर्षी त्यांनी मुलींसाठी मराठी आणि गुजराती शाळा उघडल्या. इमारत नाही, पगार नाही. सभेचे सभासदच आपापला उद्योग सांभाळून मोकळ्या वेळात शिकवायला जायचे. नाना शंकरशेटांनी आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली. लोकांना आधी धक्का बसला, मग देणगीदार पुढे आले, आणि पगारी शिक्षक नेमले गेले.

"म्हणजे पगारी मास्तर आले तेव्हाच शाळा टिकल्या," मामा.

"आधी फुकट शिकवणारे गेले म्हणूनच शाळा निघाल्या," मुलगी.

दोघंही खरं बोलत होते, आणि दोघांनाही ते मान्य करायचं नव्हतं. मला मात्र त्या जुन्या प्रकरणात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या तरुणांनी अशा ठिकाणी काम केलं जिथे शिक्षक नेमायचा विचारच कुणी केला नव्हता. आजच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षकाची जागा मंजूर आहे, ती भरणं सरकारचं काम आहे. १८४९ चा दाखला देऊन आजच्या रिकाम्या जागा गोड करून घेता येणार नाहीत. पण त्या पोराच्या बोटाखालचा शब्द सोडवायला वेगळी जागा कुठल्याच संचमान्यतेत मंजूर नसते. तिथे मात्र अजून १८४९ चालू आहे.

मुलीकडे बाहेरच्या देशांचेही दाखले होते. इटलीत २०२० च्या टाळेबंदीत विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी विनामोबदला, घरबसल्या ऑनलाइन, सहावी ते आठवीच्या मुलांना शिकवलं. एका मुलामागे एक विद्यार्थी, आठवड्याला साधारण तीन तास. तज्ज्ञांचं मार्गदर्शन मागे होतं. मुलांचे गुण वाढले, त्यांची मनःस्थितीही सुधारली. इस्रायलमध्ये १९७० च्या दशकापासून ‘पेराख’ नावाचा कार्यक्रम आहे. कॉलेजातला विद्यार्थी आठवड्यातून काही तास एका गरजू मुलासोबत घालवतो आणि त्या बदल्यात त्याच्या फीचा काही भाग भागतो.

"एका लेकरामागं एक," मामा पुटपुटले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातली धार कमी झाली होती. "हे आम्हाला आयुष्यात मिळालं नाही."

बिडकीनबद्दल इथे थोडं सांगायला हवं, कारण बाहेरच्या वाचकाला हे गाव औद्योगिक पट्ट्याच्या बातम्यांतूनच माहीत असतं. ऑरिक या औद्योगिक नगरीसाठी शेतजमिनी गेल्या, रुंद रस्ते झाले. २०२४ च्या जुलैत टोयोटा किर्लोस्करने सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पाचा सामंजस्य करार केला. ज्यांच्या हाती मोबदल्याचे किंवा पगाराचे पैसे आले त्यांची मुलं पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी शाळेत जाऊ लागली. जिल्हा परिषदेच्या बाकावर उरली ती शेतमजुरांची, छोट्या कारागिरांची, आणि कामाच्या शोधात बाहेरून आलेल्यांची लेकरं. घरी दखनी नाही तर हिंदी, शाळेत प्रमाण मराठी. दिवाळीनंतर कापूस वेचणीला हात कमी पडले की वर्गातली हजेरी खाली येते, ती वेगळीच.

"त्या लेकरांनी मोठं होऊन काय व्हायचं, हे त्यांना कोण दाखवणार?" मुलगी म्हणाली. "गावात कारखाना आलाय, पण त्यांना दिसतो तो गेटवरचा वॉचमन अन् कंत्राटी कामगार. त्यांच्याच गल्लीतली, त्यांच्यासारखंच बोलणारी एखादी पोरगी बी.एस्सी. करतेय, रोज एसटीने जाते, आणि दुपारी येऊन त्यांच्याशेजारी सतरंजीवर बसते. हे शिकवण्याइतकंच मोठं आहे. एका मुलीची आई मला म्हणाली, तू कॉलेजला जातेस तर तुझ्या घरचे काय म्हणतात? तिला लेकीसाठी हे विचारायचं होतं. मास्तरांना ती कधीच विचारणार नाही."

यावर मामा काय म्हणतील याचा मला अंदाज होता. तो चुकला. मला वाटलं ते याला भाबडेपणा म्हणतील. ते म्हणाले, "हे खरंय. अन् म्हणूनच मला तुमची जास्त भीती वाटते."

"का?"

"बेरीज शिकवणारा गेला तर बेरीज राहते. जीव लावणारा गेला तर काय राहतं? शिबिरातली एक पोरगी आमच्या शाळेतल्या एका मुलीला रोज वेणी घालायची, गोष्ट सांगायची. ती गेल्यावर ती मुलगी महिनाभर मला विचारायची, गुरुजी, ताई कधी येणार? मी तिला काय सांगू? तिच्या घरात आधीच कोण कधी जाईल याचा नेम नव्हता. बाप ऊसतोडीला, आई अधूनमधून माहेरी. त्यात आणखी एक जाणारं माणूस आम्ही तिला आणून दिलं."

मुलगी गप्प झाली. या मुद्द्याला तिच्या वाचनात कुठेच उत्तर नव्हतं. मोजमापात गुण येतात, वाचनाच्या पातळ्या येतात. ‘ताई कधी येणार’ हा प्रश्न कुठल्याच तक्त्यात बसत नाही. माझ्या मते मामांच्या सगळ्या बोलण्यातला हाच खरा विरोध होता. मस्टर, रिकाम्या जागा, श्रेयांक यांवर तोडगे निघतात. सत्राची परीक्षा जवळ आली की कॉलेजचा विद्यार्थी जाणार, पदवी झाली की गाव सोडणार, यावर तोडगा नाही. ते त्याच्या वयाचं आणि नशिबाचं आहे. आणि बिडकीनसारख्या गावातून शिकून बाहेर पडावं, असंच तर आपण त्याला सांगत आलो.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मग आम्ही जाणार आहोत हे पहिल्याच दिवशी सांगू."

"लेकराला?"

"लेकराला. की मी होळीपर्यंत येणार, त्यानंतर अमुक दादा येणार. अन् जायच्या आधी आठ दिवस तो दादा माझ्यासोबत बसेल. तुमची ताई काही न सांगता गेली म्हणून ती मुलगी वाट बघत राहिली. आम्ही सांगून जाऊ."

"अन् सांगूनसुद्धा रडलं तर?"

"रडेल, मामा. तुम्ही बदली होऊन गेलात तेव्हाही लेकरं रडली होती. तुम्ही शिकवायचं सोडलं नव्हतं."

मामा हसले नाहीत, पण त्यांनी अर्ज पुढे ओढला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. निवृत्त मुख्याध्यापकाला हरकती लिहिल्याशिवाय काही मान्य करता येत नाही. कोणत्याही परिस्थितीत स्वयंसेवकाने वर्ग घ्यायचा नाही. मास्तर रजेवर असले तर त्या दिवशी स्वयंसेवकाचीही सुट्टी, म्हणजे कुणी त्याला वर्गावर ढकलणार नाही. शिकवणं उघड्या व्हरांड्यात, सगळ्यांच्या नजरेसमोर. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या प्रकारानंतर हा नियम कुठल्याच शाळेने सोडू नये, आणि शाळेच्या सखी सावित्री समितीला प्रत्येकाचं नाव आधी कळवायचं. लेकरांचे फोटो नाहीत. पहिल्या आठवड्यात प्रत्येक लेकराची पातळी बघायची: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. गणितात हातच्याच्या वजाबाकीपर्यंत. आणि दर महिन्याला ती मास्तरांना लेखी द्यायची.

"हे सगळं मान्य," मुलगी म्हणाली. "माझं एक कलम घाला. आम्हाला पैसे द्या."

मामांचा पेन थांबला. "अगं, मघापासून स्वयंसेवा, स्वयंसेवा चाललंय अन् आता पैसे?"

"बालसखींना मानधन होतं म्हणून तुम्हीच मला अडवलं. आता ऐका. अर्जावर सह्या कुणाच्या आहेत बघा. ज्यांच्या घरी दुपारी कमवायची गरज नाही त्यांच्या. माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी दुपारी एका कंपनीत पॅकिंगला जाते. लेकरांना तिच्यासारखीच ताई पाहिजे, कारण ती त्यांच्याच घरासारख्या घरातली. फुकट म्हटलं की ती बाहेर राहते आणि माझ्यासारख्या येतात. विद्यापीठाची कमवा व शिका योजना आहेच. बागेला पाणी घालायला, ग्रंथालयात पुस्तकं लावायला तासाचे पैसे मिळतात. लेकरू वाचायला शिकवायला का मिळू नयेत? पैसे मिळाले की आम्ही मस्टरवरही येऊ. मग सोमवारी नाही आले तर विचारा मला."

मला हा मुद्दा बिनतोड वाटला, आणि मी तसं बोलूनही गेलो. मामांनी माझ्याकडे बघितलं. "दाजी, तुम्ही लेकीची बाजू घेणार हे मला ठाऊक होतं. पण पैसे घेतले की उद्या ही पोरंसुद्धा कायम करा म्हणून मोर्चा काढणार. अकरा महिन्यांचंच पुन्हा."

"विद्यार्थी आहोत तोवरच," ती म्हणाली. "पदवी झाली की काम संपलं. कमवा व शिकात कुणी कायम होत नाही."

मामांनी ते कलम लिहिलं नाही. खोडलंही नाही, पानावर तेवढी जागा मोकळी सोडली.

"पैशाचं मी समितीपुढं मांडणार नाही. मला ते पटलेलं नाही. तू मांड."

"मी सदस्य नाही."

"निमंत्रित म्हणून ये, मी अध्यक्षांना सांगतो. आईबापांची समिती आहे ती, साडेसातशे म्हणालीस की आधी आपल्याच पोरांची नावं पुढं करतील, त्याची तयारी ठेव. अन् येताना परीक्षेचं वेळापत्रक घेऊन ये. तुझं एकटीचं नको, सह्या करणाऱ्या सगळ्यांचं. बी.ए.वाले कधी, बी.एस्सी.वाले कधी, आयटीआयवाले कधी. कुठल्या आठवड्यात एकही जण नसणार, ते मला आधी बघायचंय."